वाढवणला दिलेली मावशी

मी डहाणूच्या एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसते. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांतले लोक कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहतात आणि त्यांच्या कागदांत काय नाही ते मी शोधते. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही. आधार कार्ड असलं तर त्यावरचा पत्ता जुना असतो, पत्ता नवा असला तर सही राहिलेली असते, सही असली तर झेरॉक्स नसते. मग मी चष्मा काढते, दीर्घ श्वास घेते आणि म्हणते, "उद्या या." हे दोन शब्द मी इतक्या सुरेल आवाजात म्हणते की काही लोक परत जाताना आभारसुद्धा मानतात.

तर अशा या बाईने मुंबईत मुलीसाठी खोली घेताना समोरच्या माणसाकडे एक चिटोरा मागितला नाही. मागितली फक्त मावशी.

झालं असं की आमच्या मुलीला मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं. डहाणूहून रोज जाऊन ते जमणार नव्हतं. म्हणजे खोली पाहिजे. घरात हे, म्हणजे माझे यजमान, बोलायला कंजूष. त्यांनी एकच वाक्य टाकलं, "सोमवारच्या आत नीट खोली मिळाली तर जाऊ दे. नाहीतर तारापूरला काय कमी आहे?" तारापूरच्या कारखान्यात त्यांचा एक मित्र आहे आणि तिथली प्रयोगशाळेतली जागा त्यांनी मुलीसाठी मनात कधीच राखून ठेवली होती. मुलीने तारापूरचं नाव ऐकलं की तिचा चेहरा असा होई की जणू तिला परत सातवीत बसवलंय.

तेव्हा सगळं त्या खोलीवर होतं. खोली मिळाली तर मुंबई, नाहीतर तारापूर.

मुलीने फोनवर शोधून एक खोली काढली. शनिवारी आम्ही दोघी बघायला गेलो. तिसरा मजला. मालक स्वतः हजर. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. मी खोलीत पाऊल टाकलं आणि कामाला लागले. आम्ही समुद्रावरची माणसं, घर बघायची आमची एक पद्धत आहे. मी खिडकी उघडून पदर बाहेर धरला आणि तो कुठल्या बाजूला उडतो ते बघितलं. भिंतीला तळहात लावून ओल बघितली. उंबऱ्यावर उभी राहून ऊन कुठून येतं ते बघितलं. मुलगी मागे उभी राहून हळूच म्हणाली, "आई, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायचं ना?"

"विचारते. आधी माणूस बघू दे."

आणि मी माणूस बघायला घेतला. आमच्याकडे हे असंच करतात. बाजारात, बोटीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही अनोळखी माणूस भेटला की आधी तो कोणाचा ते काढायचं. एकदा का त्याची मावशी, आत्या, मामा कुठल्या गावात आहेत ते कळलं की मग त्याला फसवायला जागाच उरत नाही, कारण फसवलं तर मावशीला तोंड दाखवायची सोय राहत नाही. 

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"इथलाच."

"तसं नव्हे. मूळ गाव?"

त्याने आमच्या हातातल्या चिकूच्या खोक्याकडे बघितलं. "मूळ... तिकडचंच की. पालघर साइड."

"अगोबाई! म्हणजे आपलेच. सातपाटी?"

"त्याच बाजूला."

"मग डहाणूकडे कोणीतरी असेलच तुमचं."

"आहेत ना."

"मावशी?"

"मावशी."

"कुठे दिली आहे? वाढवणला?"

"वाढवणलाच."

"वरोरला नाही ना?"

"छे छे. वाढवणला."

मी मुलीकडे असं बघितलं जसं वकील साक्षीदाराला हरवल्यावर न्यायाधीशाकडे बघतो. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "वीज बिल बघायचं का, आई? त्यावर नाव असतं."

"गप्प बस गं. वाढवणच्या माणसाला कोणी बिल विचारतं?"

अनामत मी त्याच्या हातात रोख दिली. पावतीचं नाव काढलं नाही. उलट त्याला चिकूचं खोकं दिलं, कारण पहिल्यांदा कोणाच्या दारात जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं. खोकं कचेरीतल्या जुन्या लाल फितीने बांधलेलं होतं, ज्या फितीने आम्ही फायली बांधतो. गाठही माझी, फायलीची. त्याने चावी दिली, चिकू घेतले आणि वाकून नमस्कार केला. "मावशीला सांगतो तुम्ही भेटलात ते," असं तो म्हणाला. जाताना इतकं समाधान मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी हा प्रसंग सगळ्यांना करून दाखवला. त्याचा आवाज, माझा आवाज, मुलीचा पडलेला चेहरा, सगळं. आमचे हे ऐकून "बरं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे टाळ्याच. मग मी वाढवणला चुलत बहिणीला फोन लावला.

"आमच्याकडे दिलेली?" ती म्हणाली. "कोणाच्या घरात?"

"ते नाही विचारलं."

"मग काय विचारलंस?"

"मावशी आहे का ते."

"आणि तो हो म्हणाला."

"हो."

"आता मला विचार, तुझी मावशी चंद्रावर दिली आहे का. मी पण हो म्हणते." मग ती थोडी गंभीर झाली. "अगं, हल्ली आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला तर पोरं आधी विचारतात, नव्या बंदरासाठी जमीन मोजायला आलास का. कोणाकडे कोण पाहुणा येतो ते सगळ्या गावाला पाठ आहे. मुंबईला ज्याची खोली आहे असा भाचा कोणाचा असता तर आमच्या अर्ध्या गावाने तिथे मुक्काम केला असता."

मला राग आला. मी म्हटलं, "तुला सगळं गाव माहीत आहे का?" आणि फोन ठेवला. तिला सगळं गाव माहीत होतं. ही गोष्ट मलाही माहीत होती.

तरी रविवारी निघायच्या आधी मी आमच्या कचेरीतल्या शिपाईदादांना फोन करून सांगितलंच. ते तलासरीचे. त्यांनी त्यांच्या मुलाला वापीत खोली घेऊन दिली होती, म्हणून मला जरा फुशारकी मारायची होती.

"कागद काय केलात, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"कागद कशाला? ओळखीतला माणूस आहे."

मग ते म्हणाले, "परवा एक म्हातारा आला होता आमच्या गावचा. मी त्याला ओळखतो, तुम्ही त्याला ओळखता, त्याच्या बापाला तुमच्या आधीचे साहेब ओळखत होते. एक झेरॉक्स नव्हती म्हणून तुम्ही त्याला तलासरीला परत पाठवलंत."

"ते सरकारी काम आहे, दादा."

"तेच म्हणतो, मॅडम. हे तर घरचं काम."

मला त्याचा अर्थ कळला नाही असं मी ठरवलं.

रविवारी दुपारी आम्ही गुंडाळलेली गादी, डबे, बादली, तांब्या, प्रेशर कुकर आणि सुक्या बोंबलांचं एक पुडकं घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलो. मी कुलपाला चावी लावणार तर कुलूपच नव्हतं. दार आतून बंद. मी कडी वाजवली. दार एका बाईने उघडलं. माझ्याच वयाची, हातात झाडू, कपाळावर घाम. तिच्या मागे एक मुलगी ओट्यावर कागद अंथरत होती.

"कोण हवंय?" बाईने विचारलं.

"हवंय म्हणजे? ही खोली आमची."

"आमची म्हणजे? आम्ही सकाळीच आलो. कराडहून. चावी आहे आमच्याकडे."

"आमच्याकडेही आहे."

आम्ही दोघींनी चाव्या पुढे केल्या. अगदी जुळ्या बहिणी. तेवढ्यात माझी नजर आत खिडकीकडे गेली. खिडकीत एक खोकं होतं. त्यावरची लाल फीत सोडून नीट घडी करून बाजूला ठेवली होती.

"हे चिकू कुठले?" मी विचारलं.

"मालकांनी दिले," ती बाई म्हणाली. "भला माणूस हो! आमच्याच भागातला निघाला. मूळचा पाटणचा. पण त्यांची मावशी तुमच्या त्या समुद्राकडे दिलेली आहे. वाढवण की काय ते. तिच्या वाडीतले आहेत हे."

मी मटकन गादीच्या वळकटीवर बसले. म्हणजे मी दिलेली मावशी त्याने टाकली नव्हती. तिला जपलं होतं. एका दिवसात तिला वाडीसुद्धा घेऊन दिली होती.

"तुम्ही त्याला काय विचारलंत?" मी म्हटलं.

बाईचा झाडू थांबला. "कुठले, ते विचारलं. कराडकडचे का, म्हटलं. हो म्हणाला. पाटण का, म्हटलं..." ती बोलता बोलता हळू होत गेली. मग तीसुद्धा उंबऱ्यावर बसली.

त्यानंतरची गोष्ट शेजारच्या दारातून आली. तिथले एक गृहस्थ बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की तो मालक नव्हेच, तोच इथे भाड्याने होता, आज सकाळीच सामान घेऊन गेला, आणि खरे मालक दुसऱ्या शहरात असतात, मंगळवारी येणार आहेत. फोन लावला. बंद. परत लावला. बंद. आम्ही चौघी पोलीस चौकीत जाऊन तक्रार देऊन आलो. मी मावशीचं गावही सांगितलं. तक्रार लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मीच."

परत येईपर्यंत चार वाजले होते. सामान जिन्यात. मी यजमानांना फोन केला. सगळं सांगितलं, या वेळी आवाज न काढता. ते म्हणाले, "परत या." आणि मग, "तिला रागावू नकोस."

"पुढच्या महिन्यात बघू गं," मी मुलीला म्हटलं.

"पुढच्या महिन्यात जागा राहत नाही, आई." ती रडत नव्हती. बादली पोटाशी धरून बसली होती. "उद्या सात वाजता नाही गेले तर दुसऱ्या कोणाला बोलावतील. मला माहीत आहे, मी तिसरी होते यादीत. आधीच्या दोघी आल्या नाहीत म्हणून मला बोलावलं."

हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मी खिडकीमागे बसून रोज इतक्या लोकांना उद्या या म्हणते, आणि माझ्या पोरीच्या वाट्याला उद्या एकच होता.

मी ओळखीतल्या सगळ्यांना फोन केले. मुंबईत आमची दूरची माणसं कमी नाहीत. एकाकडे परीक्षा, एकाकडे रंगकाम, एकाकडे सासू. शेवटी बनियनवाल्या गृहस्थांनाच दया आली. "तळमजल्यावर एक आजी आहेत," ते म्हणाले. "आतल्या खोलीत मुली ठेवतात. दोन खाटा रिकाम्या असतील. पण त्या जरा कडक आहेत."

आजींचं दार उघडलं तेव्हा पंखा, देवघर, भिंतीवर घड्याळ आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलेले नियम, असं सगळं एका दृष्टीत दिसलं. आजी सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, अगदी मी लोकांकडे बघते तसं.

"कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"डहाणू."

"डहाणू!" त्यांचा चेहरा उजळला. "माझं माहेर चिंचणीचं."

आणि मी हसले. नाटकात खलनायक हसतो तशी. दिवसभराचं सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं. "हो का! आणि तुमची मावशी वाढवणला दिलेली असेल!"

"मावशी नाही, आत्या," आजी गोंधळून म्हणाल्या.

"असणारच! वीज बिल दाखवा."

मुलीने डोळे मिटले. कराडच्या बाईने माझा दंड धरला. आजी आत गेल्या. परत आल्या त्या एक निळी फाइल घेऊन, आणि एकेक कागद टेबलावर आपटत गेल्या. वीज बिल. घरपट्टी. सोसायटीचा कागद. त्यांच्या यजमानांच्या मृत्यूचा दाखला. सगळ्यांवर यजमानांचं नाव, आणि वारस म्हणून आजींचं.

"इतकी वर्षं मुली ठेवते," त्या म्हणाल्या. "बिहारच्या ठेवल्या, केरळच्या ठेवल्या. माझ्याकडे वीज बिल मागितलं ते माहेरच्या बाईने."

मी कागद नीट जुळवून परत फाइलीत ठेवले.

"आता तुमचे कागद," आजी खुर्चीत बसल्या. "मुलीचं आधार. नेमणूक पत्र. दोन फोटो. आईचं किंवा बापाचं आधार, झेरॉक्ससकट."

कराडच्या बाईने पिशवीतून सगळं काढून दिलं, झेरॉक्ससकट. माझ्या मुलीनेही स्वतःचं सगळं फोल्डरमधून काढलं. कोणाकडे शिकली कोणास ठाऊक. राहिले मी. माझं आधार कार्ड पर्समध्ये होतं. झेरॉक्स नव्हती.

"आणते," मी म्हटलं आणि धावले. रविवारची संध्याकाळ. एक दुकान बंद. दुसरं बंद. तिसऱ्याचं शटर अर्धं उघडं होतं, आत वाकून विचारलं तर मशीनमध्ये शाई नव्हती. चौथं औषधाचं दुकान निघालं. त्या मोठ्या शहरात मी एका कागदासाठी रस्त्यारस्त्यांतून फिरले. ज्या म्हाताऱ्याला मी तलासरीला परत पाठवलं होतं, तो त्या दिवशी दुकानं शोधत असाच फिरला असेल, हा विचार मला नको असताना आला आणि गेला नाही.

परत आले तेव्हा घामाने भिजले होते. "आजी, नाही मिळाली. फोनवर फोटो आहे. अस्सल कार्ड आहे. तुम्ही मला..." मी म्हणणार होते की तुम्ही मला ओळखता. पण मघाशी मीच ती ओळख हसण्यावारी नेली होती.

आजींनी चष्मा काढला. दीर्घ श्वास घेतला. आणि पुढचे दोन शब्द काय येणार ते मला पाठ होतं.

"उद्या या," आजी म्हणाल्या.

मी मुलीकडे बघितलं. ती हलली नाही. बादली अजून तिच्या हातात होती.

"तुम्ही," आजी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "तुम्ही या. उद्या नाही तर पुढच्या रविवारी, झेरॉक्स घेऊन. मुलीचे कागद पूर्ण आहेत. ती कशाला जाईल? तिला सकाळी सातला कामावर जायचंय. गं पोरी, ती खिडकीकडची खाट तुझी, भिंतीकडची या कराडच्या मुलीची. बादली तिथे नको, मोरीत."

मुलगी आत गेली. मागे वळून बघितलं नाही. गादी अजून बाहेर जिन्यात होती, ती मी आणि कराडच्या बाईने उचलून आणली, तर आजींनी दारातच घेतली. "आतल्या खोलीत आई-बापांना यायचं नाही," त्यांनी भिंतीकडे बोट केलं. नियम क्रमांक एक. मी बाहेरूनच सांगत राहिले, पांघरूण डाव्या पिशवीत आहे, कुकरची शिटी वेगळी गुंडाळली आहे, पोचल्यावर फोन कर. "आई, मी पोचलेय," आतून आवाज आला.

डहाणूला उतरले तेव्हा हे स्टेशनवर आले होते. त्यांनी माझ्या मागे बघितलं. मग पिशव्या हातात घेतल्या आणि "राहिली?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या आठवड्यात आम्हाला दोघांना तारापूरचा विषय निघालाच तर काय बोलायचं ते कळेना. तो निघालाही नाही.

सोमवारी कचेरीत गेल्यावर मी शिपाईदादांना विचारलं की तो म्हातारा परत आला का. "कशाला येतोय?" ते म्हणाले. "एक दिवसाची मजुरी बुडते, मॅडम." मी त्याचं प्रकरण शोधून काढलं, मशीनवर त्याच्या जुन्या अर्जाला जोडलेल्या कार्डाच्या प्रतीची झेरॉक्स स्वतः काढली आणि लावली. दादा दारात उभे राहून बघत होते. "आज सूर्य तलासरीला उगवला," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण पूर्वीसारखं जमलं नाही.

पुढच्या रविवारी मी आजींच्या दारात. आधारच्या तीन झेरॉक्स, तिन्हींवर सह्या. आणि सोबत सुक्या बोंबलांचं पुडकं, कारण पहिलं पुडकं गोंधळात परत डहाणूला आलं होतं आणि आमच्या ह्यांनी खाऊन टाकलं होतं. आजींनी झेरॉक्स बाजूला ठेवल्या, बघितल्याही नाहीत. पुडकं मात्र उघडलं. एक बोंबील काढला, मधोमध वाकवला, नाकाशी नेला.

"हे चिंचणीचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"घरचेच आहेत, आजी."

"खोटं बोलू नकोस. बाजारातून घेतलेस. नीट वाळलेलेच नाहीत, आतून मऊ आहेत. आमच्या आईने असे बोंबील मांजरालासुद्धा टाकले नसते." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "कोणाची गं तू?"

खरंच बाजारातूनच घेतले होते. ही बाई चिंचणीचीच होती, यात आता मला जराही शंका उरली नाही. आणि मी अशी आनंदले की उंबऱ्यावरच बसले. बाप, आजोबा, बोटीचं नाव, माहेर, आत्या, मावश्या, एकेक करून सगळं सांगायला लागले. आजी हुंकार देत होत्या. एका मामाच्या मेहुण्यापाशी त्यांनी मला थांबवलं, कारण तो त्यांच्याही कोणाचा तरी लागत होता.

तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं. माझी मुलगी, केस विस्कटलेले, डोळे अर्धवट उघडे. रात्रपाळी करून झोपली होती.

"आई," ती म्हणाली, "जरा हळू."

दार परत लागलं. मी आजींकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरच्या नियमांकडे बोट केलं नाही, पण मी उठले. पिशवीतला डबा उंबऱ्याच्या आत ठेवला, जितका हात पोचला तितका आत, आणि उरलेले मामा आजींना कुजबुजत सांगितले.